फुलपाखरांचीं शास्त्रीय नांवें : त्यांचा उगम व परंपरा

महाराष्ट्र शासनानें इ. स. २०१५ सालीं ज्या फुलपाखरास राज्याचें फुलपाखरूं म्हणून मान दिला, त्यास मराठींत 'राणी पाकोळी' असें म्हणतात. काळ्याभोर पंखांवर फिकट निळ्या रंगाचे पट्टे असलेलें हें मोठें पांखरूं सह्याद्रीच्या रानांत व कोंकणांतील बागांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. शास्त्रज्ञ मात्र त्यास 'पापिलिओ पोलिम्नेस्टर' या नांवानें ओळखतात. पोलिम्नेस्टर हा ग्रीक कथांतील थ्रेस देशाचा राजा. ट्रॉय नगराचा वृद्ध राजा प्रायम यानें युद्धाच्या धामधुमींत आपला धाकटा मुलगा पोलिडोरस व त्याजबरोबर बरेंचसें सोनें या जांवयाच्या स्वाधीन केलें होतें. ट्रॉय पडल्याचें कळतांच जांवयानें सोन्याच्या लोभानें त्या मुलास मारून टाकिलें. विश्वासघाताबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या या राजाचें नांव आमच्या राणी पाकोळीस कां मिळावें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. या प्रश्नाचा उलगडा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कीटकांचा विषय कशाला, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु कोणत्याहि फुलपाखराच्या नांवाचा निर्णय करावयाचा झाल्यास जुना ग्रंथ, त्याची आवृत्ति, त्याच्या प्रकाशनाची तिथि, मूळ पाठ, हस्तलिखित व मूळ वस्तु हींच साधनें चाळावीं लागतात. आम्ही बखरी, सनदा व पोथ्या यांच्या बाबतींत जें करतों तेंच हे लोक कीटकांच्या बाबतींत करितात. फरक पडतो तो कोठें व कां, तें पुढें येईलच.

१. अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीं युरोपांत फुलपाखरांस सर्वमान्य अशीं नांवें नव्हतीं. विद्वान् मंडळी लॅटिन भाषेंत एकेका जातीचें वर्णन करीत व तें वर्णनच नांव म्हणून वापरीत. 'पिवळे पंख, काळ्या कडा, मागील पंखास शेपूट' अशा धर्तीचें एक अख्खें वाक्य दर वेळीं लिहावयाचें, आणि दुसऱ्या ग्रंथकारानें तेंच पांखरूं दुसऱ्या वाक्यानें वर्णावयाचें, असा प्रकार होता. लंडनमधील औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर (मृत्यु १७१८) यानें आपल्या संग्रहांतील पुष्कळ फुलपाखरांस इंग्रजी नांवें दिलीं. शेपटीच्या एका पिवळ्या फुलपाखरास त्यानें आपल्या राजाच्या स्मरणार्थ 'रॉयल विल्यम' म्हटलें. पण हीं नांवें इंग्लंडाबाहेर चालण्याजोगीं नव्हतीं. आपल्याकडे तर याहूनहि उणें होतें. अमरकोशांत पतंग व शलभ हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. त्यांत दिव्यावर झेंप घालणारा कीटकहि आला व उड्या मारणारा टोळहि आला. जातिजातींना वेगळें नांव देण्याची गरज आपल्या कोशकारांस भासली नाहीं.

२. ही अव्यवस्था मोडली ती स्वीडनमधील उप्साला येथील अध्यापक कार्ल लिनिअस (१७०७–१७७८) यानें. त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची पहिली आवृत्ति १७३५ सालीं निघाली. परंतु प्राण्यांच्या नामशास्त्राचा आरंभ तिच्यापासून धरीत नाहींत. तो धरितात १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून, कारण प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति लिनिअसनें या आवृत्तींत प्रथम सरसहा लाविली. पहिला शब्द गणाचा, दुसरा जातीचा. जणूं आडनांव आधीं व पाळण्यांतलें नांव मागून. सर्व फुलपाखरांस त्यानें एकाच गणांत घातलें व त्या गणास 'पापिलिओ' म्हणजे लॅटिन भाषेंतील 'फुलपाखरूं' हाच शब्द दिला. त्या वेळीं त्यास ठाऊक असलेल्या जाति दोनशेंच्या आसपास होत्या.

आतां दोनशें जातींस दोनशें वेगळे शब्द आणावयाचे कोठून? रंगावरून द्यावीं तर पिवळीं व पांढरीं फुलपाखरें शेंकडों. देशावरून द्यावीं तर पुष्कळांचा खरा देश त्यास ठाऊक नव्हता. अळीच्या झाडावरून द्यावीं तर परदेशी फुलपाखरांच्या अळ्या कोणीं पाहिल्या होत्या? लिनिअसनें यावर तोड काढली ती शाळेंत पाठ केलेल्या काव्यांतून. होमर व व्हर्जिल यांच्या काव्यांतील व पुराणकथांतील पात्रांची नांवें युरोपांतील प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या तोंडीं होतीं. तीं लक्षांत ठेवण्यास नवे कष्ट नकोत व त्यांचा साठाहि मोठा. आपल्या इकडे कोणी हें काम करिता तर त्यानें महाभारतांतील शंभर कौरवांचीं नांवें उपयोगांत आणिलीं असतीं, असें म्हटल्यास युक्ति तात्काळ समजेल.

३. परंतु लिनिअसनें नांवें वाटेल तशीं वांटलीं नाहींत. त्यानें फुलपाखरांचें एक राज्यच वसविलें. मोठ्या व रुबाबदार पांखरांचा वर्ग तो 'इक्विटीझ' म्हणजे सरदार-शिलेदार. त्याखालीं 'हेलिकोनी', 'डॅनाय' व 'निम्फालीझ' असे वर्ग. आणि लहानसान पांखरांचा वर्ग तो 'प्लिबेयी' म्हणजे सामान्य रयत. रयतेंतहि गांवढळ व नगरवासी असे दोन पोटभेद होते. सरदारांचे दोन पक्ष केले होते, ट्रॉयचे व ग्रीकांचे. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे तांबडे ठिपके असून रंग बहुधा काळा, ते ट्रॉयचे वीर; ज्यांची छाती रक्ताच्या डागांवांचून असून मागील पंखांच्या आंतल्या कोपऱ्याशीं डोळ्यासारखा ठिपका आहे, ते ग्रीक वीर. हरलेल्या पक्षाच्या अंगावर रक्त व शोकाचा काळा वेष, जिंकलेल्यांची छाती निष्कलंक. वर्गीकरणाचें लक्षण व काव्यांतील कथा यांची सांगड त्यानें या प्रकारें घातली.

यामुळें मोलुक्का बेटांतील अतिभव्य फुलपाखरास ट्रॉयच्या राजाचें, 'प्रायमस' हें नांव मिळालें. आपल्या इकडे दिसणारें काळ्या पंखांचें, तांबड्या अंगाचें व तांबड्या ठिपक्यांचें फुलपाखरूं त्या राजाचा वीर पुत्र 'हेक्टर' झालें. 'पॅरिस', 'हेलेनस', 'ट्रॉयलस', 'पोलिडोरस' हे त्याचे इतर पुत्रहि यादींत आले. दुसऱ्या बाजूस 'अगॅमेम्नॉन', 'मेनेलॉस', 'अकिलीझ', 'युलिसिस' हे ग्रीक उभे राहिले. लिंबाच्या झाडावर ज्याची अळी वाढते व जें आपल्या परसांत बाराहि महिने येतें, तें 'डेमोलिअस' हेंहि एका ग्रीक योद्ध्याचेंच नांव. ट्रॉयच्या ईनिअसनें ज्यास मारून त्याचें चिलखत हिरावलें, तो हा. पेटिव्हरच्या 'रॉयल विल्यम'चें नांव 'माखाओन' असें झालें व त्याच्या सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका पांखराचें 'पोदालीरिअस'. हे दोघे भाऊ ग्रीक सैन्याचे वैद्य होते. आपल्याकडील अश्विनीकुमारांचें येथें स्मरण होतें.

पोलिम्नेस्टरचा उलगडा आतां सोपा आहे. लिनिअसनें घातलेला पायंडा पुढील ग्रंथकारांनीं उचलिला. ॲम्स्टरडॅम येथील लोकरीचा व्यापारी पीटर क्रामर यानें परदेशी फुलपाखरांच्या रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ १७७५ पासून भागाभागानें काढण्यास आरंभ केला. तो १७७६ सालीं वारला व काम कॅस्पार स्टोल यानें १७८२ पर्यंत पुरें केलें. या ग्रंथाच्या आरंभीच्या भागांत आमची राणी पाकोळी आहे. ट्रॉयकथेंतील ठळक वीर तोंपर्यंत खर्ची पडले होते. उरलेल्यांत प्रायमचा हा जांवई होता. पांखराच्या स्वभावाशीं वा रूपाशीं त्या नांवाचा कांहींएक संबंध नाहीं. शास्त्रीय नांव हें लक्षण नव्हे, खूण आहे, ही गोष्ट येथें पक्की ध्यानांत ठेविली पाहिजे. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा शब्द यौगिक नव्हे, रूढ आहे.

४. 'डॅनाय' वर्गाची कथा याहून मौजेची आहे. डॅनॉस व इजिप्टस हे दोघे भाऊ. एकास पन्नास मुली, दुसऱ्यास पन्नास मुलगे. त्यांचीं परस्परांशीं लग्नें झालीं व पहिल्याच रात्रीं, बापाच्या आज्ञेवरून, एक वगळून सर्व मुलींनीं आपापल्या नवऱ्यांस ठार केलें. लिनिअसनें या वर्गांतील पांढऱ्या फुलपाखरांस मुलींचीं नांवें दिलीं व रंगीबेरंगी फुलपाखरांस मुलांचीं. सह्याद्रींत आढळणारें, पंखांचीं टोंकें नारिंगी असलेलें मोठें पांढरें फुलपाखरूं 'ग्लॉसिप्पी' हें त्या मुलींपैकीं एक. रुईवर ज्याची अळी वाढते तें तपकिरी-नारिंगी फुलपाखरूं 'क्रिसिप्पस' हा इजिप्टसचा मुलगा, आणि 'प्लेक्सिप्पस' हा त्याचा भाऊ.

पुढें जातींची संख्या वाढली व एका 'पापिलिओ' गणांत सर्व मावेनात, तेव्हां गण फोडणें भाग पडलें. पोलंडमधील यान क्लुक या धर्मोपदेशकानें १७८० सालीं जो एक नवा गण केला त्यास 'डॅनॉस' असें नांव दिलें, आणि क्रिसिप्पस व प्लेक्सिप्पस आज त्याच गणांत आहेत. ज्या सासऱ्याच्या आज्ञेनें हे मुलगे मारले गेले, त्याचेंच आडनांव त्यांस कायमचें लागलें! नामकरणाचा शास्त्रार्थ पाळला गेला. कथेचा धर्म मात्र बुडाला.

५. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस या नांवांचें व्याकरण पाहून आनंद होईल. दुसरा शब्द तीन प्रकारचा असतो. एक, 'हेक्टर' याप्रमाणें स्वतंत्र विशेषनाम; तें गणाच्या नांवाशीं समानाधिकरण असतें व कधीं बदलत नाहीं. दुसरा, विशेषण, तें गणाच्या लिंगाप्रमाणें चालतें, म्हणून 'व्हॅनेसा' या स्त्रीलिंगी गणांत 'इंडिका', तर 'हीलिओफोरस' या पुल्लिंगी गणांत 'इंडिकस'. विशेष्याचें लिंग तेंच विशेषणाचें, हा नियम आम्ही पहिल्या इयत्तेपासून शिकवितों. अलीकडे मात्र फुलपाखरांचे कित्येक अभ्यासक ही जुळणी सोडून मूळ ग्रंथांतील रूपच तसेंच ठेवितात. तिसरा प्रकार षष्ठीचा. हिमालयांतील एका फुलपाखरास ग्रे यानें १८३१ सालीं कंपनीच्या लष्करांतील टॉमस हार्डविक याच्या नांवावरून 'हार्डविकिआय' म्हटलें, अर्थात् 'हार्डविकचें'. फाब्रिसिअसचें १७७५ सालचें 'ॲरिस्टोलोकिई' म्हणजे 'ॲरिस्टोलोकियाचें'. ही वनस्पति म्हणजे आपली ईश्वरीची वेल व तिचीं भावंडें, ज्यांवर या पांखराची अळी वाढते. कलकत्त्याच्या संग्रहालयांतील वुड-मेसन यानें १८८० सालीं दक्षिणेकडील एका काळसर फुलपाखरास 'द्रविडारुम्' असें नांव दिलें, तें तर उघड उघड षष्ठीचें बहुवचन : 'द्रविडानाम्'.

६. नांव हें केवळ खूण असलें तरी एकदां त्यानें निसर्गाचें गुपित नकळत सांगितलें आहे. लिनिअसनें १७५८ च्या ग्रंथांत प्रायमच्या दोन मुलांचीं नांवें दोन फुलपाखरांस दिलीं : 'पॅमोन' व 'पोलिटीझ'. क्रामरनें १७७५ सालीं तिसऱ्या एकास 'रोम्युलस' म्हटलें. तिन्ही रूपानें अगदीं भिन्न, म्हणून तीं तीन जाति समजलीं गेलीं. आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें १८६५ सालच्या आपल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असूं शकतात. पॅमोन हा नर. पोलिटीझ व रोम्युलस ह्या त्याच्याच दोन तऱ्हेच्या माद्या. त्यांतली रोम्युलस ही हेक्टर फुलपाखराची नक्कल करिते व पोलिटीझ ही ॲरिस्टोलोकिईची. ईश्वरीची वेल खाऊन वाढलेलीं हीं दोन पांखरें पक्ष्यांस विषारी लागतात, म्हणून त्यांचा वेष घेणारीहि वांचते. म्हणजे ट्रॉयकथेंतील हेक्टरच्या भावाचें नांव धारण करणारी जाति खरोखरच हेक्टरचा वेष घेऊन फिरते. नांव ठेवितांना लिनिअसास याची गंधवार्ताहि नव्हती. तीन नांवांपैकीं आज 'पोलिटीझ' हेंच चालतें. पॅमोन व पोलिटीझ हीं एकाच ग्रंथांतलीं, म्हणजे एकाच दिवसाचीं. अशा वेळीं दोन्ही नांवें एकाच जातीचीं मानून ज्या अभ्यासकानें प्रथम त्यांतलें एक निवडिलें त्याची निवड प्रमाण धरितात.

७. आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष जवळचा असा भाग येतो. लिनिअसचा शिष्य योहान क्रिश्चन फाब्रिसिअस (१७४५–१८०८) हा कील येथें अध्यापक होता. कीटकांचीं नांवें देण्यांत त्यानें गुरूसहि मागें टाकिलें. तरंगंबाडीच्या डेनिश वसाहतींत आलेला वैद्य केनिग (मृत्यु १७८५) याच्यासारख्यांनीं जमविलेले भारतीय कीटक फाब्रिसिअसपर्यंत पोहोंचले, आणि आपल्या देशांतील पुष्कळ फुलपाखरांचीं नांवें त्याच्या लेखणींतून उतरलीं. तो वारंवार लंडनला जाई व तेथील श्रीमंतांचे संग्रह पाही. तेथेंच चेल्सी येथें राहणारा विल्यम जोन्स (मृत्यु १८१८) हा मद्याच्या व्यापारांतून निवृत्त झालेला गृहस्थ, निरनिराळ्या संग्रहांतील फुलपाखरांचीं रंगीत चित्रें काढून त्यांचे खंड बांधीत होता. फाब्रिसिअसनें आपल्या १७९३ सालच्या ग्रंथांत दोनशेंहून अधिक जाति या चित्रांच्या आधारें वर्णिल्या.

हे सहा खंड जोन्सनें छापिले नाहींत; ते हस्तलिखितरूपानेंच राहिले व पुढें ऑक्सफर्ड येथें सुरक्षित ठेवण्यांत आले. ज्या संग्रहांवरून चित्रें काढिलीं त्यांतील कित्येकांची मात्र वाताहत झाली. ड्रू ड्रूरी याचा प्रसिद्ध संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १८०५ सालीं लिलांवांत विकला जाऊन फुटला. फाब्रिसिअसचें वर्णन बहुधा दोन ओळींचें. तेवढ्यावरून पांखरूं ओळखणें दुरापास्त. अशा ठिकाणीं जोन्सचें चित्र हाच एकमेव साक्षीदार उरतो. आजचा नियम असा आहे कीं, चित्रावरून नांव दिलेलें असल्यास प्रमाण मानावयाचें तें चित्र नव्हे, तर चित्रांत दाखविलेलें मूळ पांखरूं. परंतु तें पांखरूंच नष्ट झालें असेल तेव्हां मूळ ताम्रपट हरवून ठसा उरावा तशी स्थिति होते व ठशावरच भिस्त ठेवावी लागते. हीं चित्रें संपूर्ण छापून प्रसिद्ध झालीं तीं २०२१ सालीं, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर दोनशें वर्षांनीं. तोंपर्यंत प्रत्येक शोधकास ऑक्सफर्डची वारी करावी लागे. ते खंड एखाद्या वारसानें रद्दींत घातले असते किंवा चित्रें सुटीं करून विकलीं असतीं, तर दोनशें नांवांचा आधारच तुटला असता.

लिनिअसच्या स्वतःच्या संग्रहाचें दैव चांगलें. त्याच्या मृत्यूनंतर तो १७८४ सालीं जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणानें विकत घेतला. याच स्मिथनें १७८८ सालीं लंडनमध्यें लिनिअसच्या नांवानें संस्था काढिली व त्या संस्थेनें १८२९ सालीं संग्रह आपल्या ताब्यांत घेतला. स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिच्या संग्रहांतील जीं फुलपाखरें लिनिअसनें वर्णिलीं होतीं, तीं उप्साला येथें आहेत.

८. एकोणिसाव्या शतकांत ग्रीक पुराणांचा झरा आटत आला व भारतांतून नवनवीं पांखरें तर येतच राहिलीं. तेव्हां युरोपीय पंडितांनीं आपल्या पुराणांकडे हात वळविला. व्हिएन्नाच्या कोलार यानें १८४४ सालीं काश्मीर प्रवासाच्या एका ग्रंथांत 'रामा' व 'संकरा' हीं नांवें घातलीं. त्याआधीं दोन वर्षें डबलडे यानें 'गणेसा' हें नांव दिलें होतें. परंतु या बाबतींत खरा कर्ता फ्रेडरिक मूर (१८३०–१९०७). लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयांत तो नोकरीस होता. थॉमस हॉर्सफील्ड याच्या सोबतीनें त्यानें १८५७ ते १८५९ या काळांत त्या संग्रहालयांतील फुलपाखरांची व पतंगांची सूचि प्रसिद्ध केली. कृष्ण, राधा, नारायण, अनंत, ब्रह्म, दुर्गा, सहदेव, कंस, अशीं नांवें त्यानें सढळ हातानें वांटलीं. एका फुलपाखराचें नांव 'दसरदा'. तें ज्या गणांत आहे तो 'बियासा', मूरनेंच १८८२ सालीं केलेला. 'व'चा 'ब' करणाऱ्या पूर्वेकडील उच्चारांत व्यासाचें नांव असेंच होतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे महर्षि व्यास व राजा दशरथ एका पांखराच्या नांवांत एकत्र आलेले दिसतात.

रोमन लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा व महाप्राणाचा विवेक राहिला नाहीं, यामुळें कित्येक नांवें संदिग्ध झालीं आहेत. कोलारचा 'रामा' हा राम कीं रमा, हें केवळ अक्षरांवरून सांगतां येणार नाहीं; दशरथाचा 'थ' तर 'द' होऊन बसला. तरी एका ठिकाणीं योग मोठा सुंदर जुळून आला आहे. मूरनें १८९९ सालीं 'कनिस्का' नांवाचा गण केला. त्यांतील फुलपाखराचें जातिनाम लिनिअसचें, 'कॅनेसी', ही ग्रीक कथेंतील एक राजकन्या. ज्या कुशाण सम्राटाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरें व भारतीय, इराणी व ग्रीक देवता एकत्र नांदतात, त्याच्या नांवास ग्रीक नांवाची जोड मिळावी हें नाणकशास्त्रज्ञांस खचित आवडेल.

मूरनें पुढें भारतीय फुलपाखरांचा व पतंगांचा जो दहा खंडांचा ग्रंथ १८९० मध्यें आरंभिला, तो त्याच्या पश्चात् कर्नल चार्लस स्विन्हो यानें १९१३ पर्यंत पुरा केला. हा स्विन्हो १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या निसर्गेतिहास मंडळीच्या संस्थापकांपैकीं एक असून, मुंबई व दख्खन येथील फुलपाखरांवर त्यानें १८८५ सालीं निबंध लिहिला होता.

९. एका पांखरास अनेक नांवें व एका नांवाखालीं अनेक पांखरें असा घोटाळा वाढला, तेव्हां नियम करणें प्राप्त झालें. इंग्लंडांत ह्यू स्ट्रिकलंड याच्या पुढाकारानें १८४२ सालीं पहिली नियमावली झाली; ती करणाऱ्या समितींत चार्लस डार्विनहि होता. आंतरराष्ट्रीय आयोग १८९५ सालीं नेमला गेला, त्याचे नियम १९०५ सालीं निघाले, व सध्यां चालू असलेली चौथी नियमावली १९९९ सालीं छापली जाऊन १ जानेवारी २००० पासून अमलांत आली. तिचा कणा एकच : जें नांव विधिपूर्वक आधीं प्रसिद्ध झालें तें खरें. म्हणून नांवापुढें कर्त्याचें नांव व साल लिहितात. गण तोच राहिला असेल तर कर्त्याचें नांव उघडें, जसें : पापिलिओ पोलिम्नेस्टर, क्रामर, १७७५. जात दुसऱ्या गणांत गेली असेल तर तें कंसांत, जसें : पॅकलिओप्टा हेक्टर (लिनिअस, १७५८). त्या दोन कंसांवरून जाणत्यास समजतें कीं, हेक्टरनें घर बदललें आहे.

'आधीं' म्हणजे केव्हां, व 'प्रसिद्ध' म्हणजे काय, हे दोन प्रश्न यांतून निघतात आणि येथेंच खऱ्या इतिहाससंशोधनास आरंभ होतो. आउग्सबुर्ग येथील याकोब ह्यूब्नर (१७६१–१८२६) यानें १८०६ सालीं एक लहानसें पत्रक छापून विद्वानांचें मत घेण्यासाठीं त्यांस पाठविलें. त्यांत अनेक नवे गण होते. तें प्रमाण धरावें तर पुष्कळ रूढ नांवें उलथून पडत. आयोगानें १९२६ सालीं निवाडा दिला कीं, मत मागण्यासाठीं वांटलेलें पत्रक म्हणजे प्रसिद्धि नव्हे. याच ह्यूब्नरच्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १८१६ हें साल आहे. पण त्याचे फर्मे १८२६ पर्यंत एकेक निघत होते. कोणता फर्मा कधींचा, हें फ्रान्सिस हेमिंग यानें उपलब्ध कागदपत्रांवरून लाविलें व १९३७ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलें. पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेल्या, आपल्या शेतांतून सर्वत्र दिसणाऱ्या फुलपाखरांचा 'जुनोनिया' हा गण (मोर हा जुनो देवीचा पक्षी, म्हणून हें नांव) मुखपृष्ठाच्या भरंवशावर १८१६ चा न ठरतां १८१९ चा मानला जातो, तो अशा शोधांमुळेंच. भागाभागानें निघालेल्या ग्रंथांचीं वेष्टनें बांधणाऱ्यानें फाडून टाकिलीं कीं तारखेचा पुरावा गेला, हें वेगळें सांगावयास नको.

पाठाचा घोटाळा कसा होतो याचें उदाहरण वर आलेल्या प्लेक्सिप्पसचेंच आहे. अमेरिकेंतील एक फुलपाखरूं व आपल्याकडील पट्ट्यापट्ट्यांचें तांबूस फुलपाखरूं दिसण्यांत जवळचीं. लिनिअसच्या १७५८ च्या नांवाचा खरा धनी कोण, यावर वाद पडला, व भारतीय फुलपाखरांच्या जुन्या ग्रंथांत हें नांव आपल्या पांखरास लाविलेलें आढळतें. अखेर १९५४ सालीं आयोगानें तें अमेरिकन फुलपाखरास कायम केलें. आपल्या पांखराकडे क्रामरचें १७७९ चें 'जेन्युशिया' हें नांव आलें. जुना ग्रंथ वाचतांना हें ध्यानांत न ठेवल्यास एका खंडाचें पांखरूं दुसऱ्या खंडांत जाऊन बसेल.

१०. पाठचिकित्सेशीं या शास्त्राचा एक मोठा विरोध येथें सांगितला पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति केली, तींत अनेक प्रती ताडून, लेखकांचे प्रमाद वगळून, शक्य तितका जुना पाठ ठरविला. नामशास्त्रांत मूळ पाठ आधींच हातीं असतो : तो म्हणजे पहिला छापील पाठ. त्यांत ग्रंथकारानें नांव अज्ञानानें अशुद्ध लिहिलें असलें तरी तें शुद्ध करावयाचें नाहीं. 'दसरदा'स 'दशरथ' करूं नये. तसें केल्यास तें नवेंच रूप उत्पन्न होऊन घोटाळा वाढेल. केवळ छापखान्याची किंवा हातचूक असल्याचें त्याच ग्रंथावरून उघड होत असेल, तरच सुधारणेस मोकळीक आहे. संस्कृतच्या अभ्यासकास प्रथम हें टोंचतें. पण विचारांतीं पटतें कीं, दोहोंचा मूळ धर्म एकच आहे. जें प्रमाण हातीं आहे त्यावर आपली मर्जी चालवावयाची नाहीं.

या सर्वांतून आम्हां संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. चेल्सीच्या एका हौशी गृहस्थाचें बाड जपलें गेलें म्हणून दोनशें नांवांस आधार राहिला. ह्यूब्नरच्या फर्म्यांच्या तारखा लागल्या त्या कोणीं तरी जुने कागद फेंकून न दिल्यामुळें. आपल्या घरोघरच्या दप्तरांत पोथीचें शेवटचें पान, लेखकाची तिथि, वेष्टनावरील टीप, जुन्या मासिकांचीं मलपृष्ठें हीं अजून निरुपयोगी म्हणून टाकलीं जातात, व चित्रांच्या पोथ्या पान सुटें करून विकल्या जातात. मजकूर पुढें दुसरीकडे सांपडेलहि. पण तो केव्हांचा व कोणाचा, हें सांगणारें पान गेलें म्हणजे पुरावा कायमचा गेला. पोथी बांधावयास देण्यापूर्वीं तिचें वेष्टन व अखेरचें पान नीट पहावें, त्यांची नक्कल ठेवावी व मूळ कागद पोथीबरोबरच बांधवावेत, एवढा नेम प्रत्येक संग्राहकानें केला तरी पुष्कळ होईल.

राहतां राहिला मराठी नांवांचा प्रश्न. शास्त्रीय नांव जगांत सर्वत्र एक असतें, ही त्याची थोरवी. परंतु त्यानें देशी नांवाची जागा घेतली पाहिजे असें नाहीं. पोलिम्नेस्टरची कथा सांगणारा कोणी नसला तरी राणी पाकोळी म्हणतांच ती डोळ्यांपुढें येते. कोंकणांत, मावळांत व वऱ्हाडांत निरनिराळ्या फुलपाखरांस लोक काय म्हणतात, अळ्यांस व त्यांच्या झाडांस कोणतीं नांवें आहेत, हें गांवोगांवच्या वृद्धांकडून, नांव, स्थळ व तारीख यांसह टिपून ठेविल्यास तोहि एक दस्तऐवजच होईल. तें काम लंडनमधून होण्याजोगें नव्हतें. येथूनच होऊं शकतें, आणि सांगणारे आहेत तोंपर्यंतच होऊं शकतें.